कुशाबाच्या साच्यावरचा माणूस

मंत्री उत्तराला उभे राहिले तसा बाबुराव खवणेकरांनी आपला उजवा पाय बाकाखाली ओढून घेतला. पूर्वी गिरणीत साच्याच्या, म्हणजे मागाच्या, पट्ट्यात हा पाय सापडता सापडता वाचला होता, तेव्हापासूनची ही खोड. गिरणी सुटून वर्षं लोटली. युनियन झाली, तुरुंग झाला, समितीच्या तिकिटावर लालबागच्या लोकांनी त्यांना निवडून दिलं आणि आता ते विधानसभेत विरोधी पक्षनेते म्हणून पहिल्या बाकावर बसत. पण पाय अजून गिरणीतच होता.

प्रश्न साधाच होता. हिंदमातापाशी समितीच्या लोकांनी सरकारला काळी निशाणं दाखवली, त्या दिवशी पोलिसांनी गाड्या भरभरून माणसं नेली. बाकीची सुटून घरी आली. कुशाबा मोरे नावाचा साचेवाला आला नाही. त्याची बायको पोलीसचौक्या पालथ्या घालते आहे. सरकारनं सांगावं, कुशाबा मोरे कुठे आहे?

गृहखात्याचे मंत्री मराठी चांगलं बोलत. गालात लवंग धरून, सावकाश, गोड. ते म्हणाले, "अध्यक्षमहाराज, कुशाबा मोरे नावाच्या कोणाही इसमाला पोलिसांनी पकडलेलं नाही. सन्माननीय विरोधी पक्षनेत्यांची काळजी दूर व्हावी म्हणून सांगतो. कुशाबा मोरे पाटण तालुक्यात आपल्या गावी आहेत, धडधाकट आहेत, काल सकाळी विहिरीवर मोट हाकत होते. मामलेदारांनी स्वतः जाऊन भेट घेतली. जित्या माणसाचं सुतक पाळायचा नवा कार्यक्रम समितीनं काढला असेल, तर आमची हरकत नाही. फक्त आधी माणसाला विचारत जा."

सरकारी बाकांवर हशा उसळला. मागून कोणी तरी म्हणालं, "तेराव्याला बोलवा हो आम्हाला!"

बाबुरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. ते उभे राहिले आणि हशावर आवाज चढवून म्हणाले, "कुशाबा गावी आहे ना? ठीक आहे. मग त्या दिवशी हिंदमातापाशी ज्याला तुमच्या पोलिसांनी केसाला धरून गाडीत घातलं, तो माणूस कोण?"

मंत्री खाली बसत होते. ते अर्ध्यात थांबले. गालातली लवंगही थांबली. हशा अजून चालूच होता, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पण बाबुरावांची नजर त्या गालावरच होती.

"त्या माणसाचं नाव सांगा," मंत्री म्हणाले. आवाजातला गोडवा उतरला होता. "नाव सांगा, मी उत्तर देतो."

बाबुरावांकडे नाव नव्हतं. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

दुपारी बाहेरच्या व्हरांड्यात मंत्री त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघेही एकाच वयाचे, दोघेही बेचाळीस साली एकाच तुरुंगात होते. तेव्हा एकमेकांना तंबाखू दिली होती.

"खवणेकर, ऐका माझं," मंत्री म्हणाले. "सभागृहात तुम्ही काहीही बोला, तुम्हाला कायद्याचं संरक्षण आहे. कोणी तुमच्या केसाला धक्का लावणार नाही. पण ते संरक्षण या दारापाशी संपतं. लालबागला जात नाही. तुम्ही ज्यांची नावं इथं घेता, ती माणसं तिकडं राहतात."

"ही धमकी समजू?"

"जुनी ओळख समजा," मंत्री म्हणाले आणि मोटारीकडे गेले.

*

लालबागला उतरून बाबुराव थेट अप्पांच्या खोलीवर गेले. अप्पा गिरणीच्या साचेखात्यात जॉबर होते, म्हणजे कोणत्या साच्यावर कोण उभा राहील हे ठरवणारे. बाबुरावांना हातात पहिला धोटा त्यांनीच दिला होता. अप्पा दारात पाट टाकून बसले होते. बाबुराव दिसताच त्यांनी मान खाली घातली.

"अप्पा, सभागृहात माझी इज्जत गेली. कुशाबा गावी मोट हाकतोय. मग इथं कोण होता?"

अप्पांनी आधी गॅलरीत दोन्हीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तो कुशाबा नव्हता रे. कुशाबाच्या साच्यावरचा होता."

बाबुरावांना पुढचं सांगावं लागलं नाही. गिरणीत हे नेहमीचंच. साचेवाला आजारी पडला, शेतीला गावी गेला, की आपल्या नावावर आपल्याच गावचा माणूस उभा करून जायचा. नाव जाणाऱ्याचं, हात राहणाऱ्याचे. नोकरी टिकायची, राहणाऱ्याचं पोट भरायचं. खात्यात त्याला त्याच नावानं हाक मारायची, चाळीतही तेच नाव चालू ठेवायचं, म्हणजे चुकून कोणाच्या तोंडून खरं निघायला नको.

"मला आधी सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कधी?" अप्पा उसळले. "लोक बोलले कुशाबाला नेलं, तू कुशाबा कुशाबा करत सुटलास. आणि तू रे? शिरोडकराच्या साच्यावर दोन पावसाळे शिरोडकर होऊन काढलेस ते विसरलास? मोठा माणूस झालास, आता तुला सगळी माणसं आपापल्या नावानंच जगतात असं वाटायला लागलं होय?"

अप्पांचं खोटं नव्हतं. साऱ्या सभागृहात ही एक गोष्ट जर कोणाला सुचायला हवी होती, तर ती त्यांनाच.

"त्याचं खरं नाव काय?"

"मला ठाऊक नाही. मी विचारलंच नाही. ठाऊक नसलं की तोंडातून जात नाही."

रिंगखात्यातला, सूत कातणारा रामू तिथंच उभा होता. वरळीच्या बीडीडी चाळीतला हा गडी त्या दिवशी त्याच गाडीत होता आणि सुटून आला होता. तो म्हणाला, "भाई, चौकीत साहेबानं एकेकाला नाव विचारलं. याची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, हा कुशाबाच सांगणार. पण हा काय तरी दुसरंच बोलला. मी लांब होतो, ऐकू नाय आलं. तो माझ्याजवळ येऊन बसला तेव्हा मी हळू विचारलं, हे काय रे? तर बोलला कसा, कुशाबाचं नाव पोलिसात गेलं तर कुशाबाची नोकरी जाईल. त्याच्या साच्यावर उभा राहिलो, त्याच्या पोटावर कसा पाय देऊ?"

"मग?"

"मग ते साहेबाच्या कानावर पडलं. साहेब बोलला, गिरणीत एक नाव, इथं दुसरं नाव, म्हणजे तू बाहेरून आलेला पुढारी दिसतोस. आणि त्याला आतल्या खोलीत नेला." रामूनं अंगठ्यानं कपाळ पुसलं. "आम्हाला नाय नेला आत. त्यालाच."

खाली कोपऱ्यावर पानवाल्याच्या दुकानापाशी एक इसम पान न खाता उभा होता. धोतर, सदरा, काळी टोपी. अप्पांनी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सगळं बदलून आला, पण बूट सरकारीच. दुपारपासून आहे."

कुशाबाकडे माणूस पाठवून उपयोग नव्हता. मामलेदारापुढे 'माझ्या बदलीवर कोणीच नव्हतं' असं तो सांगून बसला असणार. आता तो जन्मात तोंड उघडणार नव्हता. आणि वेळही नव्हता. परवा पोलीसखात्याच्या खर्चाची मागणी सभागृहापुढे यायची होती. त्या दिवशी त्या खात्याचं काहीही विचारता येतं आणि शेवटी मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. तो दिवस गेला की पुढचं अधिवेशन पावसाळ्यात, तेही पुण्याला.

खरं नाव ठाऊक असलेलं चाळीत एकच माणूस होतं. त्याची बायको शेवंती.

*

शेवंती चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती. लग्न होऊन एकच दिवाळी झालेली, मुंबईत येऊन तेवढंही नाही. बाबुराव आत आले तशी तिनं पदर ओढून घेतला.

"शेवंती, मला तुझ्या नवऱ्याचं खरं नाव पाहिजे. बापाच्या नावासकट."

तिनं मान हलवली. नाही.

"अगं, मी काही परका नाही."

"तसं न्हाई भाऊ. म्या कसं घेऊ नाव? बाईनं धन्याचं नाव घेतलं की त्येंचं आयुक्ष घटतं. आईनं सांगितलंय. एरवी येक येळ चुकून निघालं आसतं, तर देवाला दिवा लावला आसता. पर आत्ता? आत्ता ते तिकडं कशात हायती आन् म्या हितं बसून त्येंचं आयुक्ष खाऊ?"

"बरं, खूण सांग. देवाचं नाव आहे? गावाचं?"

तिनं पदराचं टोक तोंडात घातलं.

बाबुरावांनीच विचार टाकून दिला. खुणेवरून खंडोबाचा मार्तंड व्हायचा आणि मार्तंडाचा मल्हारी. एकदा चूक झाली होती. दुसऱ्यांदा चुकलं तर हसण्यावारी जाईल आणि त्यानंतर कोणीही काहीही विचारलं तरी हसण्यावारीच जाईल.

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "ऐक पोरी. ज्याला नाव नाही, त्या माणसाचं कोणी काहीही करू शकतं. तो होता याचा पुरावाच नाही. पण त्याचं नाव एकदा त्या सभागृहात सगळ्यांसमोर घेतलं गेलं, की त्याला गुपचूप नाहीसा करायची कोणाची छाती नाही. तू नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य घटणार नाही, वाढेल. हा माझा शब्द."

शेवंती त्यांच्याकडे पाहत राहिली. "शबूद देताय?"

"देतो."

शब्द तोंडातून गेला आणि बाबुरावांच्या मनात कुठे तरी पाल चुकचुकली. थांबलेली लवंग त्यांना दिसली. पण मंत्र्यांचं तोंड बंद झालेलं पाहायची भूकही त्यांच्या पोटात होती, आणि त्या दिवशी कोणती गोष्ट जास्त बोलत होती ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

एवढं होऊनही शेवंतीचे ओठ उघडले नाहीत. तिनं दोनदा प्रयत्न केला. आवाज आला नाही. शब्द देऊन झाला होता, पण लहानपणापासून जिभेला घातलेली गाठ अशी सुटत नाही.

*

घरी कमळाबाईंनी नवऱ्यासमोर पेज ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमका येवढी अक्कल, पण बायकांतला काय कळणा नाय. तिका सरळ इचारशात तर ती मेल्यार सांगूची नाय. मी तरी तुमचा नाव घेतलंय काय कधी? लग्नात उखाण्यात घेतलंय, ताच."

बाबुराव जेवता जेवता थांबले.

"उखाण्यात घेतला तर दोष नाय," कमळाबाई म्हणाल्या. "चार बायका बसवा. हळदीकुंकवाचा ताट ठेवा. पण तुमी भायर रवा."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेवंतीच्या शेजारणीच्या, राधाबाईंच्या खोलीत बायका जमल्या. चाळीच्या आणखी दोघीतिघी, कमळाबाई आणि वरळीहून रामूबरोबर आलेली त्याची बायको सुभद्रा. बाबुराव, अप्पा आणि रामू बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून उभे. दारावर चादरीचा पडदा. आत हळदीकुंकू चाललं होतं आणि खाली पानवाल्याजवळ सरकारी बूट. आज दोन जोड होते.

आधी राधाबाईंनी उखाणा घेतला. मग आग्रह कमळाबाईंना झाला. त्या 'नाय गो, म्हातारी झालंय' म्हणत राहिल्या आणि मग एकदम म्हणाल्या,

"दर्याच्या काठार शिंपले येचले,
बाबुरावांचा नाव घेताना ओठ माझे लाजले."

आत बायका हसल्या. बाहेर बाबुरावांनी कठड्यावरचा हात उगाच पुसला. आपलं नाव या आवाजात त्यांनी किती तरी वर्षांनी ऐकलं होतं.

"सुभद्रे, आता तू," राधाबाई म्हणाल्या.

"मला कशाला उखाणा पायजे?" सुभद्रेचा आवाज खणखणीत आला. "आम्ही धम्माची दीक्षा घेतली तवाच हे सगळं सोडलं. मी आपली सरळ हाक मारते. रामू! रामू! रामू! झालं. भायेर हुबा हाय, बघा जरा, जिता हाय का मेला?"

"आहे, आहे!" रामू पडद्याकडे तोंड करून ओरडला, आणि आत असा काही हशा झाला की अप्पांनाही हसू आवरेना. खालच्या बुटांनी मान वर करून पाहिलं.

हसू ओसरलं. कोणी तरी बांगड्या मागे सारल्याचा आवाज झाला. राधाबाई हळू म्हणाल्या, "घे बाय. सुखाचा असतो गो उखाणा. सुखाच्या वक्ताला घेतात. तू घे म्हणजे सुखच येईल."

आणि शेवंतीचा आवाज आला. लग्नात नवऱ्या मुली घेतात तसा सुरात, पण सुराला जागोजाग चिरा गेलेल्या.

"दिवस गेला डोंगराआड, दिवा ठेविते दारी,
बाळू शेडग्यांचे हैबतराव सुखरूप येवोत घरी."

आत कोणी हसलं नाही, कोणी 'वा' म्हटलं नाही. बाबुराव ते नाव ओठांत घोळवत राहिले. हैबती बाळू शेडगे. कधीचे ते या माणसासाठी भांडत होते आणि त्याची ओळख आत्ता झाली होती.

अप्पा कठड्याकडे वळले आणि पुटपुटले, "हैबती होय. एवढा गप्प पोरगा आणि नाव हैबती."

*

पोलीसखात्याच्या मागणीच्या दिवशी शेवंती काउन्सिल हॉलच्या प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसली. बाबुरावांनी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, त्येंचं नाव घेनार तिथं मी नको व्हय? शेवटी सुभद्रा तिला घेऊन आली. हिरवं लुगडं, कपाळावर आडवी चिरी. खालून बाबुरावांना तिचे फक्त कठड्यावर ठेवलेले हात आणि चेहरा दिसत होता.

बोलायला उभे राहिले तेव्हा बाबुरावांनी हातात कागद घेतला नाही.

"अध्यक्षमहाराज, परवा मंत्रिमहाशयांनी मला नाव विचारलं. चूक माझी होती. मी ज्याचं नाव घेतलं, तो माणूस त्या दिवशी मुंबईत नव्हताच. त्याच्या साच्यावर जो उभा होता, त्याला तुमच्या पोलिसांनी नेलं. ज्यांनी आयुष्यात साचा पाहिला नाही ते यावर हसतील. त्यांनी खुशाल हसावं. चौकीत त्या माणसानं आपलं खरं नाव सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर इतरांसारखा सुटला असता. पण मग ज्याच्या नावावर तो खात होता त्याची भाकरी गेली असती. ते नाव मी आज घेतो. हैबती बाळू शेडगे."

नाव घेताना त्यांनी मंत्र्यांच्या गालाकडे पाहिलं. आज तिथं लवंग नव्हती.

"मंत्र्यांनी उभं राहून एवढंच म्हणावं, की हैबती बाळू शेडगे हा माणूस आमच्या ताब्यात कधी आलाच नाही. म्हणावं त्यांनी. आणि ते असत्य निघालं तर याच सभागृहात मी त्यांच्यावर हक्कभंग आणीन. सरकारला माणूस पकडता येतो. कायदा आहे. पण पकडलेला माणूस कुठे आहे, हे सांगायचं नाही, असा कायदा कोणत्या सरकारला कोणी दिला?"

विरोधी बाकांवर बाकं वाजली. आज सरकारी बाकांवरून तेराव्याचं कोणी काढलं नाही. एक म्हातारे सरकारी सदस्य, घाटावरचे, मान खाली घालून आपल्या टोपीची घडी नीट करत होते. मंत्र्यांच्या मागून एक चिठ्ठी पुढे आली, ती त्यांनी न वाचता मुठीत धरली. त्यांना काय सांगायचं ते आधीच ठाऊक होतं, असं बाबुरावांना वाटलं आणि त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतला.

बाकीच्या सदस्यांची भाषणं झाली. मंत्री उत्तराला उभे राहिले. इतर मुद्द्यांवर ते मराठीत बोलले, नेहमीसारखेच, थोडे घाईनं. मग त्यांनी पाणी प्यायलं, समोरच्या टाइप केलेल्या कागदावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत वाचायला सुरुवात केली.

बाबुराव बाकावर पुढे सरकले. हा माणूस हसायचं असलं की मराठीत बोलायचा, रागवायचं असलं तरी मराठीत. तुरुंगात आजारी पडला तेव्हा कण्हलासुद्धा मराठीतच.

इंग्रजी बाबुराव शिकले ते त्याच तुरुंगात, मिसरूड पिकायला लागल्यावर. एका प्राध्यापकानं शिकवलं होतं. त्यांचा तिथं गोंधळ व्हायचा तो क्रियापदांचा. इज आणि वॉज. आहे आणि होता. प्राध्यापक म्हणायचा, खवणेकर, बाकीचं चुकलं तरी चालेल, पण काळ धरून ठेवा. काळ सुटला की माणूस कुठं आहे तेच कळत नाही. तेव्हापासून इंग्रजी कानावर पडलं की ते आधी काळ धरायचे.

मंत्री वाचत होते, की सदर इसमाला त्या दिवशी इतरांबरोबर ताब्यात घेण्यात आलं होतं हे सरकार मान्य करतं.

बस्स! बाकं एकदम धडाडली. समितीचे तरुण सदस्य उठून उभे राहिले. "शेम! शेम!" बाबुरावांच्या मागचा जगदीश राणे, गिरगावचा पोरसवदा वकील, त्यांच्या खांद्यावर थाप मारून ओरडला, "भाई, जिंकलो! कबूल झाले!"

"गप!" बाबुराव म्हणाले. "वाचू दे त्यांना."

पण त्या गदारोळात मंत्री वाचतच राहिले, मान वर न करता, जणू ऐकू न जाण्यासाठीच वाचत होते. बाबुरावांनी कान लावून एकेक तुकडा वेचला. द पर्सन कन्सर्न्ड... वॉज ऑफ वीक कॉन्स्टिट्यूशन. ही वॉज रिमूव्ह्ड टु हॉस्पिटल. एव्हरी पॉसिबल केअर वॉज टेकन. प्रकृतीनं नाजूक होता, इस्पितळात नेला होता, शक्य ती सगळी काळजी घेतली होती.

वॉज. वॉज. वॉज.

त्यांनी इजची वाट पाहिली. एक जरी आला असता तरी पुरला असता. मंत्र्यांनी कागद उलटा केला आणि ते खाली बसले. मग त्यांनी पहिल्यांदा बाबुरावांकडे पाहिलं. त्या नजरेत ना राग होता ना गोडवा. जुन्या ओळखीचा माणूस तंबाखू मागायला हात पुढं करतो आणि आपल्याकडे नसते, तशी ती नजर होती.

जगदीशचा हात खांद्यावरून गळून पडला. वकील होता, त्यालाही उमगलं. पण मागच्या बाकांवर अजून आरडाओरडा चालू होता. इंग्रजी न येणारे येणाऱ्यांना विचारत होते आणि उत्तर मिळायच्या आतच बाकं वाजवत होते.

बाबुरावांनी सज्जाकडे पाहिलं.

शेवंती उभी राहिली होती. इंग्रजीचं अक्षर तिला येत नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की परवा ज्या माणसाला सगळे हसले होते त्याचे लोक आज आनंदानं बाकं बडवताहेत आणि समोरचा साहेब मान खाली घालून बसला आहे. ती हसत होती. तिनं कठड्यावरून बाबुरावांना दोन्ही हात जोडले.

ते जिन्यानं वर गेले. प्रत्येक पायरीवर मराठी शब्द शोधत गेले. सज्जाच्या दारातच ती समोर आली.

"भाऊ, झाले न्हवं कबूल? काय म्हनला सायेब?"

"शेवंती..." बाबुराव म्हणाले. "साहेब म्हणाले, हैबती आमच्याकडे होता."

"व्हता! म्या म्हनतच व्हते!" तिनं सुभद्रेचा दंड धरला. "बघ, त्येंच्याकडंच व्हते. आता कवा सोडत्यात, भाऊ? आजच न्यायाला येऊ का?"

होता म्हणजे होता. मराठीत त्याहून सोपा शब्द नाही आणि तिला तो सरळ अर्थानं कळला होता. बाबुराव तिच्याकडे पाहत उभे राहिले. दिलेला शब्द आडवा आला होता आणि त्याला ओलांडून दुसरा कुठलाही शब्द बाहेर पडत नव्हता.

सुभद्रेनं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला पुढचं ऐकायची गरज राहिली नाही. तिनं शेवंतीच्या कमरेभोवती हात घातला, घट्ट, आणि तिला मागच्या बाकाकडे वळवलं.

"आधी बस," ती म्हणाली. "शेवंती, आधी खाली बस बाय."